ब्रिटिशकालीन आणि ‘चुकलेली’ नाणी : अण्णांच्या डब्याची नोंद करताना

माझे वडील, अण्णा, २१ नोव्हेंबर २०२२ रोजी गेले. त्यांच्या लॉकरमध्ये जुन्या नाण्यांचा एक डबा आहे हे आम्हां दोघा भावंडांना ठाऊक होते, पण त्यात नेमके काय आणि किती आहे हे त्यांनी कधी सांगितले नव्हते आणि आम्हीही कधी विचारले नव्हते. तो डबा लॉकरमधून बाहेर काढण्यापासून त्यातल्या प्रत्येक नाण्याची नोंद पूर्ण होईपर्यंत मला सव्वा वर्ष लागले. घरात असा डबा असलेली, पण तो उघडून करायचे काय हे न समजलेली अनेक कुटुंबे नाशिकमध्ये मला भेटली, म्हणून घडले ते क्रमाने लिहीत आहे.

पहिली अडचण नाण्यांची नव्हती, कागदांची होती. लॉकर अण्णांच्या एकट्याच्या नावावर होता, आई आधीच गेलेली आणि नामनिर्देशन केलेले नव्हते. बँकेने महापालिकेचा मृत्यू दाखला, दाव्याचा अर्ज, दोन्ही वारसांची ओळखपत्रे, स्टॅम्प पेपरवरील हमीपत्र आणि टोरांटोला राहणाऱ्या माझ्या दादाचे संमतिपत्र मागितले. दादाने सही करून ईमेलने पाठवलेली प्रत चालली नाही. तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडून साक्षांकित केलेली मूळ प्रतच हवी होती. दूतावासाची वेळ मिळायला दोन आठवडे आणि कुरिअरला नऊ दिवस गेले. स्टॅम्प पेपर, नोटरी, झेरॉक्स आणि कुरिअर यांचा खर्च सुमारे ५,२०० रुपये झाला. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा असतो. त्यामुळे शेवटचा कागद दिला त्या दिवशीची तारीख घातलेली पोच मी मागून घेतली आणि बाराव्या दिवशी, ९ फेब्रुवारी २०२३ला, लॉकर उघडला. नामनिर्देशन असते तर यातले निम्मे कागद लागले नसते. घरातल्या ज्येष्ठांशी हा विषय काढणे जड जाते, पण तो काढावाच.

लॉकरमधल्या वस्तूंची यादी साक्षीदारांसमोर करतात. अधिकाऱ्यांनी आधी ‘जुनी नाणी, एक डबा’ एवढेच लिहिले होते. मी त्यांना विनंती केली की वेळ लागला तरी नग मोजून लिहावेत. त्यांनी ती मानली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. दीड तास मोजणी चालली आणि आकडा आला ४१७. पुढे वाटणीच्या वेळी या एका आकड्याने आम्हां भावंडांमध्ये शंकेला जागाच ठेवली नाही.

अण्णांनी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षे नोकरी केली. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे ‘प्रेस’ म्हटले की सरकारी नोटा आणि तिकिटे छापणारे कारखानेच समजले जातात. नाशिकला नोटा छापायला १९२८मध्ये सुरुवात झाली. पाचव्या जॉर्जचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट ही इथली पहिली. नाणी मात्र इथे पाडली जात नाहीत. त्या टांकसाळी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा इथे आहेत. प्रेसमध्ये चुकलेला प्रत्येक कागद वेगळा काढून, मोजून, नष्ट करावा लागतो, असे अण्णा सांगत. ज्या माणसाने आयुष्यभर चुका बाहेर पडू न देण्याचे काम केले, त्याला टांकसाळीतून निसटलेल्या चुकांचे एवढे आकर्षण का होते, ते मला डबा उघडल्यावर उमगले.

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. त्यात ५८ चांदीचे रुपये, ३७ अधेल्या, पावल्या आणि चवल्या (म्हणजे आठ, चार आणि दोन आण्यांची नाणी), २९६ तांब्या-पितळेची व इतर किरकोळ नाणी, आणि ‘चुकलेली’ असे लिहिलेल्या खाकी पाकिटात २६ नाणी होती. बहुतेक नाण्यांभोवती कागदाची पुडी होती आणि पुडीवर अण्णांच्या बारीक अक्षरांत ‘मुं.’, ‘क.’, ‘टिं.’ अशी खूण होती. तीन पुड्यांवर ‘दे.’ लिहिले होते. त्याचा अर्थ मला नऊ महिने लागला नाही.

सर्वांत मोठी चूक मी पहिल्याच आठवड्यात केली. काळवंडलेली पाच तांब्याची नाणी मी चिंच आणि मीठ लावून, देवाची भांडी घासतो तशी घासली. ती लखलखली आणि मला फार आनंद झाला. त्यांतला एक १८३५चा पाव आणा होता. पंचवटीत राहणाऱ्या एका ज्येष्ठ संग्राहकांना, ज्यांना सगळे काकाच म्हणतात, मी ती मोठ्या कौतुकाने दाखवली. त्यांनी नाणे कडेने धरून उजेडात फिरवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

“ताई, याच्या अंगावरचा जो काळा-तपकिरी थर होता, तो व्हायला पावणेदोनशे वर्षं लागली होती,” ते शेवटी म्हणाले. “आता बाकीच्यांना हात लावू नका. पाणीसुद्धा नको.”

घासलेल्या नाण्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म ओरखडे उठतात आणि ते कधीही जात नाहीत. जाणकार ग्राहक ते पहिल्या नजरेत ओळखतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. अण्णांनी चाळीस वर्षे ज्याला धक्का लावला नव्हता, ते मी एका दुपारीत घालवले होते.

मार्चमध्ये मी दोन रुपये घेऊन सराफ बाजारातल्या एका दुकानात गेले. त्यांनी काट्यावर टाकून नगाला ५५० रुपये सांगितले. जुना रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असून त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असते, त्यामुळे एका रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी भरते. आपला जुना तोळाही याच वजनाचा होता. रुपया म्हणजेच तोळा. सराफांनी सांगितलेला भाव चांदीच्या त्या दिवसाच्या किमतीहूनही कमी होता, आणि नाणे कोणते, सन कोणता, हे त्यांनी पाहिलेच नाही. यात त्यांचा मोठा दोष मी मानत नाही, कारण त्यांचा व्यवहार धातूचा असतो. पण नाणे ओळखल्याशिवाय सराफाकडे नेऊ नये, हे मात्र मी सर्वांना आवर्जून सांगेन.

काकांच्या सल्ल्याने मी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा ६५० रुपयांना, डिजिटल कॅलिपर ५०० रुपयांना आणि दहापट दाखवणारे भिंग २८० रुपयांना घेतले. एक साधे चुंबक घरात होतेच. एप्रिलच्या प्रत्येक रविवारी जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरून आम्ही बसत असू. माझा मुलगा प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढी आणि मी वजन, व्यास, सन आणि अण्णांची खूण वहीत लिही. टॉवेलाचा उपयोग असा की हातातून नाणे निसटले तरी कडेला पोचा पडत नाही.

राणीछाप आणि राजाछाप रुपये वेगळे करणे सोपे वाटते, पण खरी गंमत सनांमध्ये आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५मध्ये चौथ्या विल्यमच्या मुद्रेचा, सर्व इलाख्यांत एकसारखा रुपया आणला आणि पुढची जवळपास चाळीस वर्षे नाण्यांवर प्रामुख्याने १८३५, १८४० आणि १८६२ हे तीनच सन येत राहिले. नाणे ज्या वर्षी पाडले ते वर्ष त्यावर घालण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. १८४०च्या रुपयात राणीचे नाव डोक्यावरून सलग गेले असेल तर तो आधीचा, आणि डोक्याच्या दोन बाजूंना तुटून आले असेल तर नंतरचा. १८६२ हा सन १८७४पर्यंत टिकून राहिला, आणि मुंबईच्या टांकसाळीने त्या काळातले खरे वर्ष कळावे म्हणून सनाच्या आसपास बारीक टिंबे घातली. अण्णांच्या पुड्यांवरचे ‘टिं.’ म्हणजे हेच. भिंग लावून टिंबे मोजताना मला वाटले की अण्णा शेजारी बसून मोजत आहेत. ज्यांच्याकडे १८६२चा रुपया आहे आणि जे त्याला अतिदुर्मीळ समजतात, त्यांनी निराश होऊ नये, पण तो पुष्कळ आढळतो. त्यातली टिंबांची काही रूपे मात्र जपून पाहण्यासारखी असतात.

१८७७पासून व्हिक्टोरियाच्या नावापुढे ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आले. सातव्या एडवर्डच्या रुपयावर राजाच्या डोक्यावर मुकुट नाही. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला, तळाच्या कमळाखाली बारीक टिंब असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. अण्णांचे ‘मुं.’ आणि ‘क.’ असे उलगडले. १९४०पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७चा, वाघाचे चित्र असलेला रुपया तर शुद्ध निकेलचा आहे. तो चुंबकाला चिकटतो. मला आधी तो नकली वाटला होता आणि मी तो बाजूला काढून ठेवला होता.

५८ रुपयांत एकच १९११चा निघाला. त्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावरील हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुक्कर वाटला आणि मोठा असंतोष उसळला. सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते, त्यांतले सात लाखांच्या आसपासच बाहेर गेले होते. उरलेले वितळवण्यात आले आणि १९१२मध्ये हत्ती दुरुस्त करून नवा ठसा आला. एका अर्थी ही कोरणाऱ्याची चूक, पण संग्राहक तिला ‘एरर’ म्हणत नाहीत, कारण ठसा जसा ठरला तसेच नाणे पडले. हा भेद मला पुढे फार उपयोगी पडला.

मे महिन्यात १९३९चा रुपया हाती आला तेव्हा माझे हात अक्षरशः थरथरले, कारण तो सहाव्या जॉर्जच्या रुपयांतला अत्यंत दुर्मीळ सन आहे. पण काट्यावर वजन ११.०२ ग्रॅम भरले. मग काकांनी सांगितलेली पाण्याची परीक्षा केली. वाटीभर पाणी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणे दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता पाण्यात सोडायचे आणि काटा दाखवील त्या आकड्याने नाण्याच्या वजनाला भागायचे. त्या काळच्या चांदीच्या खऱ्या रुपयाचे उत्तर १०.३च्या आसपास येते. या रुपयाचे ८.९ आले, म्हणजे धातू तांबे-निकेलचा. पुडी पुन्हा उघडून पाहिली तेव्हा आतल्या बाजूला अण्णांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलेले दिसले. त्यांना कळले होते. राम-दरबार किंवा हनुमान असलेली, १८१८ वगैरे सन घातलेली ‘कंपनी सरकारची’ तांब्याची नाणी त्याच डब्यात चार होती; कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ती श्रद्धेने जपावीत, पण लाखो रुपयांच्या आशेने नव्हे.

त्याच सुमारास मी माहितीसाठी एका संकेतस्थळावर दोन फोटो टाकले आणि दुसऱ्या दिवशी फोन आला. समोरची व्यक्ती अतिशय अदबीने बोलत होती. एका साध्या पाच रुपयांच्या नाण्याला साडेतीन लाख मिळतील, रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे, फक्त ‘नोंदणी शुल्क’ १,१५० रुपये आधी भरा, असे सांगितले. मी मोबाइलवर पैसे पाठवायला निघालेही होते, मुलाने थांबवले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्येच जाहीर केले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती नाही, आणि असे शुल्क किंवा कमिशन ती मागत नाही, तसा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही. खरा ग्राहक विकणाऱ्याकडून आधी पैसे मागत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

‘चुकलेली’ हे पाकीट मी मुद्दाम शेवटी ठेवले होते. ते समजण्यासाठी नाणे कसे पडते हे आधी समजले पाहिजे, असे काकांनी बजावले होते. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला गेलो. तिथे १९८०मध्ये डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. महेश्वरी यांच्या पुढाकाराने सुरू झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि नाण्यांचे संग्रहालय आहे. बाहेर अंजनेरीच्या डोंगरावर ढग उतरले होते आणि आत आहत, म्हणजे ठोकून चिन्हे उमटवलेल्या प्राचीन नाण्यांपासून पुढची अडीच हजार वर्षे ओळीने मांडलेली होती. नाशिककरांनी त्र्यंबकेश्वराला जाता-येता इथे तासभर जरूर द्यावा. निघण्यापूर्वी फोन करून वेळ विचारून घ्यावी.

यंत्रावर नाणे पडण्याची रीत थोडक्यात अशी आहे. धातूच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या कापतात, त्यांची कड उचलून घेतात, तापवून मऊ करतात, आणि मग भोवती एक पोलादी कडे ठेवून वरच्या व खालच्या ठशांमध्ये दाबतात. यांतल्या प्रत्येक पायरीला एक-एक चूक चिकटलेली आहे, आणि काकांचा प्रश्न नेहमी एकच असे : “टांकसाळीच्या आत घडलं, की बाहेर?”

अण्णांच्या पाकिटात एक रुपयाचे पोलादी नाणे होते, ज्याचा कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा नव्हता. ४.८५ ग्रॅमऐवजी त्याचे वजन ४.४१ भरले. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही आणि आधीच्या भोकावरच दुसरा घाव पडला की अशी चकती निघते. पण कानस लावूनही कोणी असे करू शकतो, मग ओळखायचे कसे? काकांनी तुटलेल्या भागाच्या बरोबर समोरची कड दाखवली. तिथली कड पुसट होती. कड उचलणाऱ्या यंत्रात चकती फिरताना ज्या ठिकाणी धातूच नाही, त्याच्या समोरच्या बाजूला दाब बसत नाही, म्हणून खऱ्या ‘कट’ नाण्यात समोरची कड दुबळी राहते. शिवाय तुटीजवळची अक्षरे तुटीकडे किंचित ओढली जातात. कानस लावणाऱ्याला हे साधत नाही. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो साडेतीन लाखांच्या फोनने झाला नव्हता.

दहा पैशांचे एक लाटेरी कडांचे ॲल्युमिनियमचे नाणे ठशातून सरकलेले, म्हणजे ऑफ-सेंटर होते; एका बाजूला कोरा धातू आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट चित्र. पंचवीस पैशांच्या एका नाण्याच्या एका बाजूला गेंडा नीट होता आणि दुसऱ्या बाजूला तोच गेंडा उलटा आणि खोलगट. अशा नाण्याला व्यापारी ‘लखी’ म्हणतात. एक लाख नाणी पाडल्यावर टांकसाळ शुभ म्हणून असे एक नाणे मुद्दाम पाडते, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात आधीचे नाणे एका ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर ठशाऐवजी त्या नाण्याचाच छाप उमटतो. दोन नाण्यांमध्ये तिसरे ठेवून शिकंज्यात दाबले तरी उलटा छाप येतो, पण मग दुसऱ्या बाजूचे चित्र चेपते. ‘लखी’ घेताना छापाच्या बाजूपेक्षा साधी बाजू अधिक वेळ पाहावी आणि कडेला जोडाची रेघ नाही ना, तेही तपासावे.

आपली प्रजासत्ताकाची नाणी पुस्तकाचे पान उलटावे तशी उलटली की मागची बाजू सरळ उभी दिसते. दोन रुपयांच्या एका नाण्यात ती पाव फेरा आडवी झाली होती. ठसा ढिला होऊन फिरल्याने असे होते. ही चूक अजूनही सुट्या पैशांत सापडू शकते आणि तपासायला काहीच खर्च येत नाही, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी हीच सुचवते. उलट, दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यातला आतला भाग उलटा बसलेला एक नमुना पाकिटात होता, तो बनावट ठरला. कडे आणि आतली चकती एकाच घावात छापली जातात, त्यामुळे सांध्यावरून जाणाऱ्या रेषा सलग राहिल्या पाहिजेत. या नाण्यात त्या जुळत नव्हत्या. कोणीतरी आतला भाग ठोकून काढून पुन्हा बसवला होता.

२६ पैकी ११ खऱ्या चुका, ९ नुसती खराब झालेली, ४ बनावट, आणि २ चुका नसलेली, असा हिशेब लागला. शेवटच्या दोनांपैकी एक १९४३चा भोकाचा पैसा होता. युद्धकाळात तांबे वाचवण्यासाठी तो तसाच काढला होता. रामकुंडात चुंबक सोडून नाणी काढणाऱ्या मुलांकडूनही अण्णांनी दोन घेतली असावीत, कारण त्यांच्यावर पाण्याने खाल्ल्याच्या खुणा आहेत. तीही ‘खराब’मध्ये गेली.

ऑगस्टमध्ये जुन्या नाशकातला एक वाडा पाडताना निघालेली नाणी विकत घेता का, असे एकाने विचारले. मी नाही म्हटले. १८७८च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडणाऱ्याने लेखी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा असतो. तो कायदा आजही लागू आहे आणि स्वस्तात मिळते म्हणून या वाटेने कोणी जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

साठवणीसाठी मऊ प्लास्टिकच्या पाकिटांचे अल्बम मी आधी घेतले होते, ते परत केले. त्या प्लास्टिकमधून कालांतराने द्रव सुटतो आणि नाण्यांवर हिरवट चिकट थर येतो. त्याऐवजी पारदर्शक खिडकीची पुठ्ठ्याची चौकोनी होल्डर्स घेतली आणि डब्यात सिलिकाच्या पुड्या ठेवल्या. स्टेपलरच्या पिना पकडीने चेपून सपाट केल्या नाहीत तर शेजारच्या नाण्याला ओरखडे पडतात. ४१७ होल्डर्स, चार डबे आणि कापडी हातमोजे मिळून २,९०० रुपये झाले.

दादा दिवाळीला आला. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. वाटणीचा विषय मी काढला तेव्हा नवा पेच समोर आला. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. पाचव्या जॉर्जचे चलनातले रुपये १९२२पर्यंतचे आणि त्यानंतरचा रुपया थेट १९३८चा. म्हणजे आमच्या चांगल्या रुपयांपैकी जवळपास एकही दादाला नेता येणार नव्हता. नंतरच्या नाण्यांसाठीही पुरातत्त्व खात्याच्या समितीकडून ‘ही पुरावस्तू नव्हे’ असे प्रमाणपत्र काढून ठेवणे सुरक्षित, असे आम्हांला सुचवण्यात आले. पण त्याला सुट्टीचे दिवस पुरणारे नव्हते. दादा म्हणाला, “मला रुपये नकोत. तू मला ते गेंड्याचं नाणं दे. मी सहावीत असताना अण्णांनी ते मला दाखवलं होतं.” ते १९८८नंतरचे, आणि जून २०११पासून चलनातूनही गेलेले. मी होल्डरसकट त्याच्या हातात दिले. ते पाकिटातले माझे सर्वांत आवडते नाणे होते.

त्याच संध्याकाळी त्याने ‘दे.’ लिहिलेली पुडी पाहिली आणि सहज म्हणाला, “देवघरातले.” लहानपणी पूजेच्या ताटात असलेले तीन राणीछाप रुपये त्याला आठवत होते. म्हणूनच त्यांच्या अक्षरांच्या खाचांत पिवळसर काही साचले होते. ती हळद होती. अण्णांनी ती काढली नव्हती.

आपसांत ठरवून आम्ही दुबार असलेले २२ रुपये विकायला काढले. जानेवारी २०२४मध्ये पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन मी ते स्वतः एका लिलाव करणाऱ्या संस्थेकडे दिले. पॅन, आधार, रद्द केलेला धनादेश आणि प्रत्येक नाण्याच्या फोटोसह लेखी करार झाला. दहा टक्के कमिशन. फोटो आणि वजन माझ्या वहीत आधीच असल्याने पावतीशी ताडून पाहता आले. लिलाव फेब्रुवारीत झाला, पण पैसे यायला आणखी पाच आठवडे गेले आणि त्या काळात मी तीनदा फोन केला. एकूण ३४,६०० रुपये आले, कमिशन वजा जाता ३१,१४०, त्यातले निम्मे दादाच्या इथल्या खात्यात २८ मार्चला भरले. चिंचेने घासलेला पाव आणा मी विकायला ठेवलाच नाही.

नोंदवहीत आता नऊ रकाने आहेत : क्रमांक, सन, राजा, टांकसाळ, वजन, व्यास, अण्णांची खूण, शेरा आणि शेवटचा ‘कुठे आहे’. त्या शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘लॉकर’ लिहिले आहे, आणि या वेळी लॉकरला दादा आणि माझा मुलगा अशी दोन नावे मी लावून घेतली आहेत. बावीस ठिकाणी ‘विकले’ आहे, एका ठिकाणी ‘टोरांटो’. १९३९च्या रुपयासमोर ‘टेबलाचा खण, नकली, मुलाला शिकवण्यासाठी’ असे आहे. ५६, ५७ आणि ५८ या क्रमांकांसमोर ‘देवघर’ लिहिले आहे.